एकवीस ओळी काढल्या

मला मॅक्रो लिहायची हौस नव्हती, हे आधीच सांगून टाकते. बावन्नाव्या वर्षी असली हौस कुणाला असते? सोलापुरातल्या एका नर्सिंग कॉलेजात मी प्रवेश विभाग सांभाळते. एकोणीस वर्षं मी मुलाखतीची पत्रं पोस्टाने पाठवली. पाकिटं, तिकिटं, डिंकाची बाटली आणि शिपायाला चार हाका, एवढ्यात काम व्हायचं. पत्रं जायची, पोरं यायची, कुणाची काही तक्रार नव्हती. मग एका उन्हाळ्यात आमच्या संस्थेचे सचिव कुठल्याशा कार्यशाळेला जाऊन आले आणि आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं, की यंदापासून कागद बंद, सगळं ईमेलने.

"किती वेळ लागतो हो मॅडम ईमेलला? एक बटण दाबायचं," असं म्हणाले.

एक बटण! ज्या माणसाचे स्वतःचे मेल अजून त्याचा पी. ए. उघडून वाचून दाखवतो, तो मला बटण शिकवत होता. प्राचार्य शेजारी उभे राहून मान हलवत होते. प्राचार्यांची मान सचिव बोलायला लागले की आपोआप हलते. मी "हो साहेब" म्हटलं आणि जागेवर येऊन आधी पाणी प्यायले.

त्याच आठवड्यात ती पोरगी आली. करकंबच्या पुढं कुठंतरी वस्तीवर राहणारी, आईला बरोबर घेऊन, पंढरपूरला एस.टी. बदलून आलेली. ऑनलाइन फॉर्म भरला तरी झेरॉक्स हातानं आणून द्यायच्या, असा आमचा नियम. कागद बंद म्हणायचं आणि तीन-तीन झेरॉक्स मागायच्या, हे आमच्याकडंच. तिचे कागद इतके नीट लावलेले होते की मी दोनदा तपासले तरी चूक सापडेना, आणि खरं सांगते, मला जरा चुकल्यासारखंच झालं. गेल्या वर्षी हिचा एक दाखला वेळेत मिळाला नव्हता, म्हणून हातातली जागा गेली होती.

आई काउंटरला टेकून म्हणाली, "औंदा शेवटचं बगा मॅडम. हिचे वडील म्हणत्यात, औंदा नंबर लागला तर शिक म्हणावं. न्हायतर मामानं स्थळ बगून ठिवलंय."

पोरगी आईकडं न बघता मला म्हणाली, "मॅडम, मुलाखतीचं पत्र येईल ना?"

"पत्र नाही आता, मेल येईल."

"मेल केंद्रात येतो. केंद्रातले काका सांगतात."

"मग झालं की. तारीख कळली की यायचं. त्या दिवशी जो येत नाही, त्याचं नाव त्याच संध्याकाळी कटतं. मग माझ्याकडं येऊन रडायचं नाही."

"कळलं की येतेच की मॅडम," ती म्हणाली.

हे केंद्र म्हणजे गावातलं ऑनलाइन फॉर्म भरून देणारं दुकान. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, पीकविमा, सगळं तिथं होतं. फॉर्ममध्ये ईमेल मागितला की केंद्रवाला स्वतःचाच टाकतो, कारण पोरांना ईमेल नसतो, आणि असला तर पासवर्ड आठवत नसतो. मोबाइल नंबरही त्याचाच, ओटीपी यायला बरा. मेल आला की तो पोराला निरोप देतो, रस्त्यात दिसलं तर रस्त्यात, नाहीतर कुणाच्यातरी हाती. आमच्या जिल्ह्यात कितीतरी गावांचा कारभार असाच चालतो, आणि चांगला चालतो. मला हे माहीत नव्हतं असं अजिबात नाही. एकोणीस वर्षं काउंटरवर बसलेल्या बाईला हे माहीत नसेल तर कुणाला असणार? म्हणूनच तर माझा मलाच इतका राग येतो.

तर ईमेल. अर्ज आले होते दीडशेच्या वर. पहिल्या दिवशी मी एकेक मेल हातानं पाठवायला बसले. एक्सेलच्या तक्त्यातून नाव उचल, मेलमध्ये चिकटव, पत्ता उचल, चिकटव, वेळ उचल, चिकटव. जेवणाच्या सुट्टीपर्यंत अठरा नुसते लिहून झाले, आणि त्यातला एकीचा दुसरीच्याच नावानं. माझा डबा तसाच राहिला. शेजारच्या टेबलावरच्या आमच्या ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "अहो, त्याला मॅक्रो असतो म्हणे. तक्त्यातून आपोआप मेल जातात." हे "म्हणे" ऐकून मी फसले.

मॅक्रो म्हणजे काय, तर तक्त्याच्या पोटात लिहून ठेवायचा हुकूम. दुसऱ्या ओळीपासून सुरू कर, नाव घे, पत्ता घे, मेल तयार कर, पाठव, खालच्या ओळीवर जा, ओळी संपेपर्यंत हेच कर. ऐकायला किती सोपं. मी एका हिंदी व्हिडिओवरून तो कोड वहीत उतरवून घेतला, कारण तो बाबा बोलत होता ताशी शंभरच्या वेगानं आणि मला थांबवून थांबवून अंगठा दुखायला लागला. पहिली ओळ सब, शेवटची ओळ एंड सब, आणि मधे सगळा माझा कपाळमोक्ष.

पहिल्यांदा चालवला तर म्हणाला, ऑब्जेक्ट रिक्वायर्ड. आता काय रिक्वायर्ड आहे ते सांगशील की नाही? नुसतं रिक्वायर्ड, रिक्वायर्ड! आमच्या ऑफिसातसुद्धा कागद कमी असला तर कुठला कमी आहे ते आम्ही सांगतो. दोन तास शोधल्यावर सापडलं, की मी एका शब्दात एक अक्षर जास्त टाकलं होतं. दुसऱ्यांदा चालवला तर चालला, पण थांबेचना. खालच्या ओळीवर जा, हे सांगायची ओळ मीच विसरले होते, त्यामुळं तो पहिल्याच ओळीला परत परत मेल करत राहिला. नशीब, पहिल्या ओळीत मी माझाच पत्ता टाकला होता. माझ्या इनबॉक्समध्ये साठ-सत्तर वेळा मलाच मुलाखतीला बोलावणं आलं. तिसऱ्यांदा रकाना एकानं सरकला आणि पत्र निघालं "प्रिय पंढरपूर" अशी सुरुवात करून. ते मी तपासायला म्हणून प्राचार्यांना पाठवलं होतं. त्यांनी ते छापून माझ्या टेबलावर आणून ठेवलं आणि निघून गेले.

आणि मराठी! मी मजकूर लिहिला चांगला शुद्ध मराठीत. "आपणांस कळविण्यात येते की," वगैरे. कोडच्या खिडकीत चिकटवला तर सगळी प्रश्नचिन्हं. वाक्यच्या वाक्य प्रश्नचिन्हांचं. त्या खिडकीला देवनागरी कळतच नाही. म्हणजे महाराष्ट्रातल्या पोरांना महाराष्ट्रातल्या कॉलेजानं मराठीत पत्र पाठवायचं, तर ते यंत्र आमच्या तोंडावर प्रश्नचिन्हं फेकणार. अय्यो देवा, मी त्या दिवशी इतकी चिडले की कन्नडमध्ये सुरू झाले. आमच्या घरी राग आला की सगळे कन्नडमध्ये शिरतात, माहेर अक्कलकोटकडचं ना. ग्रंथपाल बाई उठून दुसरीकडं बसल्या. शेवटी माझं मलाच सुचलं, की मजकूर तक्त्याच्याच एका कोपऱ्यात ठेवायचा आणि कोडला म्हणायचं, बाबा रे, तिथनं उचल. तसं केलं आणि मराठी जशीच्या तशी गेली. त्या दिवशी मी घरी जाताना अर्धा किलो कांदाभजी घेऊन गेले. नवऱ्यानं विचारलं, "काय, बढती?" मी म्हटलं, "त्याहून मोठं."

पत्त्यांचं तर विचारूच नका. डॉट कॉमच्या जागी डॉट कोम. मधेच स्पेस. ईमेलच्या रकान्यात एकानं लिहिलं होतं, "आहे". एकानं वडिलांचं नाव. एकीनं पिनकोड. चार दिवस मी फोन करकरून हे सगळं दुरुस्त केलं. आणि त्यात आणखी एक उपद्रव, तो म्हणजे दोनदा आलेले अर्ज. पोरं घाबरून बटण दोनदा दाबतात, इंटरनेट अडकलं की तिसऱ्यांदा दाबतात, आणि एकाच माणसाच्या दोन ओळी होतात. आदल्या वर्षी अशा एकाला दोन पत्रं, दोन वेगवेगळ्या वेळा गेल्या होत्या आणि त्यानं सचिवांपुढं दोन्ही नाचवली होती. त्यामुळं प्राचार्यांनी मला बजावून सांगितलं होतं, "मॅडम, एका माणसाला दोन मेल गेले तर मी जबाबदार नाही." ते कशालाच जबाबदार नसतात, तो भाग वेगळा.

पाठवायच्या दिवशी सकाळी मी तक्ता वरून खाली बघत होते. एकच ईमेल पत्ता मला परत परत दिसायला लागला. इथं एक, पाच ओळी सोडून परत तोच, परत तोच. मी म्हटलं, बघा, दाबलंय बटण दहा वेळा. आणि मला त्या तक्त्याचं एक नवीन बटण नुकतंच सापडलं होतं, डुप्लिकेट काढून टाकायचं. कुठल्या रकान्यावरून ओळखायचं, असं ते विचारतं. मी ईमेलच्या रकान्यावर खूण केली. का? कारण नावं कुणी इंग्रजीत कशीही लिहितो, पण ईमेल माणसाचा एकच असतो. असा माझा तर्क. केला ओके.

एकवीस ओळी काढल्या, असं त्यानं सांगितलं. कुठल्या, ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. उलट मला इतकं बरं वाटलं! घर झाडून काढल्यासारखं. मग मी मॅक्रो चालवला. एकेका ओळीपुढं "पाठवला" असं हिरव्या अक्षरात उमटत खाली जायला लागलं. मी हात मांडीवर ठेवून बघत बसले. सहा मिनिटांत सगळे गेले. सचिवांना मी स्वतः फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "बघा, मी म्हटलं नव्हतं, एक बटण?" तेव्हाही मला राग आला नाही, इतकी मी खुशीत होते.

तीन दिवसांनी त्या पोरीचा फोन आला. आवाज मी ओळखला नाही, तिनं करकंब म्हटल्यावर ओळखलं.

"मॅडम, मेल आला नाही मला."

"गेलाय बाळ. सगळ्यांना गेलेत. केंद्रात विचार."

दुसऱ्या दिवशी परत. "मॅडम, काकांनी बघितलं. माझ्या नावाचा न्हाय. स्पॅममधी पण बघितलं."

तेव्हा माझ्यापुढं काउंटरवर आठ जण उभे होते, पंखा बंद पडला होता, आणि पलीकडून प्राचार्य फाइल मागत होते. हे मी कारण म्हणून सांगत नाही. तसं रोजच असतं. समोर तक्ता उघडा होता. तिचं नाव टाकून शोधायला मला किती वेळ लागला असता? पाणी प्यायला लागतो त्याहून कमी. मी नुसता वरून खाली तो हिरवा रकाना बघितला, सगळीकडं "पाठवला", "पाठवला", आणि मी तिला झापलं.

"अगं, इथं लेखी दिसतंय मला. सगळ्यांना मिळाला, तुलाच कसा मिळाला नाही? मशीन पाठवतं आता, माणूस नाही, चुकायला. तुलाच नीट बघता येत नाही. कळलं?"

"व्हय मॅडम," ती म्हणाली आणि फोन ठेवला. परत केला नाही.

मुलाखतीचा दिवस उजाडला. सचिव, प्राचार्य आत बसले, मी दाराशी टेबल टाकून मूळ कागद तपासत होते. हजेरी बरी होती. पण साडेअकरापर्यंत करकंबकडचा एकच मुलगा आला होता, आणि तो आपला कागद परत घेताना सहज म्हणाला, "मॅडम, आमच्याकडच्या बाकीच्यांना कवा बोलावणार?"

"बाकीचे कोण?"

"आमच्या केंद्रातनं चौदा जणांनी फॉर्म भरलेत की. काका म्हणले, एकच मेल आलाय, तुझ्या नावाचा. बाकीच्यांचा नंबर न्हाय लागला का?"

मी त्याच्या हातातला कागद परत घेतला. मग त्याचा अर्ज उघडला आणि ईमेल बघितला. तोच पत्ता. परत परत दिसणारा.

आमच्याकडं हातानं लिहिलेलं आवक रजिस्टर अजून आहे. सचिवांना त्याचा पत्ता नाही, नाहीतर तेही बंद झालं असतं. मी ते काढलं आणि तक्त्याशी एकेक नाव ताडून बघितलं. एकवीस ओळींतल्या आठ खरोखर दोनदा आलेल्या होत्या. तेरा जिवंत माणसं होती. त्यात नवव्या जागी ती.

केंद्रवाल्याला फोन लावला. तो माझ्याच वयाचा असावा, आवाजावरून. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, पोरं रोज येऊन इचारत होती की हो. मी दहादा रिफ्रेश मारलं. त्यास्नी म्हणलं, कॉलेजचं काम हाय, चुकायचं न्हाय."

"तांत्रिक अडचण आली," मी म्हटलं.

हे शब्द माझ्या तोंडून कसे आले, मला आजही कळत नाही. आले खरे. आणि आल्यावर इतके सोयीचे वाटले, की प्राचार्यांच्या खोलीत जाऊनही मी तेच म्हटलं. सर, मॅक्रोमध्ये तांत्रिक अडचण आली, तेरा जणांना मेल गेले नाहीत. त्यांनी मान हलवली. "कंप्युटरचं असंच असतं," म्हणाले. सचिव कुरकुरले, पण उद्या सकाळी अकराला त्या तेरा जणांना घ्यायचं ठरलं. कुणीही विचारलं नाही, की कसली अडचण. काय सोय आहे बघा! माणसाची चूक असती तर जन्मतारखेपासून चौकशी झाली असती.

केंद्रवाल्यानं दुकान बंद करून पोरं गोळा केली. गावात बाजार होता, सात-आठ जण तिथंच सापडले. संध्याकाळी पाचला त्याचा फोन आला, "बारा गावले मॅडम. एक पोरगी येत न्हाय म्हणती."

कोण, ते मला विचारावं लागलं नाही.

"मी वस्तीवर जाऊन आलो मोटारसायकलवर," तो सांगत होता. "ती म्हणती, मॅडमनी सांगितलंय मेल सगळ्यांस्नी गेलाय, म्हंजे माझं नाव यादीतच नसल. उगी जाऊन हसं कशाला. घरात पावणे यायचं ठरलंय त्यांच्या, परवाच्याला. तिच्या आईला म्हणलं, मी सोताच्या गाडीनं सोडतो. बगू, येईल."

मी फोन ठेवला. घरी गेल्यावर नवऱ्यानं विचारलं काय झालं, तर त्याच्यावरच खेकसले.

सकाळी ते तेराही जण आले. एका जीपमध्ये कोंबून, केसांवर धूळ, पण सगळ्यांचे कागद पिशवीत. ती शेवटी उतरली. मला बघून नमस्कार केला. मी कागदात तोंड घातलं.

आत सचिव वैतागलेले होते, त्यांचा दुसरा दिवस मोडला होता ना. येईल त्याला पहिला प्रश्न, "काल का नाही आलास?" प्रत्येक जण म्हणत होता, "मेल आला नाही सर." सचिव हुं करत होते. मग ती आत गेली. दार उघडंच होतं आणि माझं टेबल दाराला लागून, त्यामुळं मला सगळं ऐकू येत होतं.

"काल का नाही आलीस?"

तिनं कागदांची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, "मेल आला होता सर. मलाच नीट बघता आला न्हाय. माझी चूक झाली."

सचिवांनी हातावर हात मारला. "बघा प्राचार्य! ही एक तरी खरं बोलली. म्हणे तांत्रिक अडचण! मेल गेलेले असतात, हे लोक उघडत नाहीत, आणि वर आपल्यालाच बोलतात." मग तिच्याकडं वळून, "आणि तू गं, नर्स व्हायचंय ना तुला? उद्या पेशंटची सलाइन संपली तर काय सांगशील, बघायची राहिली? असली माणसं आम्ही घ्यायची?"

"नाही सर. सॉरी सर."

त्यांनी पेन उचललं. गुणांचा कागद त्यांच्यापुढंच होता. मी टेबलावरून उठले. उठताना खुर्ची पडली, ती तशीच पडू दिली.

"साहेब, तिला मेल गेलेलाच नाही," मी दारातून म्हटलं.

"कळलं हो, ते तांत्रिक—"

"तांत्रिक काही नाही. मी तिची ओळ उडवली. तेरा जणांच्या उडवल्या. एका केंद्रातून चौदा पोरांनी फॉर्म भरले, सगळ्यांचा ईमेल एक, मला वाटलं एकाच माणसानं चौदा वेळा भरलाय. मी न बघता बटण दाबलं. मग हिनं मला दोनदा फोन करून सांगितलं, मेल आला नाही म्हणून. मी तक्त्यात नाव न शोधता हिलाच झापलं. तुलाच बघता येत नाही, असं मी म्हटलं तिला. ती तेच सांगतीये तुम्हाला."

प्राचार्यांची मान पहिल्यांदाच हलायची थांबली. सचिवांनी पेन खाली ठेवलं.

"मग काल तुम्ही तांत्रिक अडचण का म्हणालात?"

"तसं म्हटलं की कुणी विचारत नाही म्हणून."

"लेखी द्या मला हे."

"देते. आजच देते."

"एकोणीस वर्षं नोकरी झाली तुमची, आणि असा निष्काळजीपणा? पोरांच्या आयुष्याचा प्रश्न असतो मॅडम हा. तुम्हाला काही वाटतं की नाही?" असं बरंच ते बोलले. त्या तेरा जणांना दारातून ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलले. मी ऐकून घेतलं. एरवी मी ऐकून घेणारी नाही. पण त्या दिवशी प्रत्येक शब्द बरोबर होता, आणि तो त्या माणसाच्या तोंडून येत होता, हे सोसायला फार जड गेलं.

ती मधे उभी होती, कधी त्यांच्याकडं, कधी माझ्याकडं बघत. मग सचिवांनी तिला बसायला सांगितलं आणि शरीरातल्या रक्ताभिसरणाचा प्रश्न विचारला. तिनं उत्तर दिलं. पुढचा विचारला, त्याचंही दिलं. मी खुर्ची उचलून परत टेबलाशी बसले.

दुपारी चारला यादी लागली. मी स्वतः टाचण्या मारल्या, त्यामुळं तिचं नाव मी तिच्याआधी बघितलं. वरून अकरावं. खाली जाऊन मी खुलासा लिहायला बसले. एक पान झालं. सेवापुस्तकात त्याची नोंद होईल, व्हायलाच पाहिजे.

लिहीत असतानाच ती मूळ कागद जमा करायला आली. आई बाहेर बाकावर बसून कुणाला तरी फोनवर सांगत होती, "लागला नंबर, लागला. पावण्यास्नी नगं म्हणून सांगा." पोरीनं एकेक कागद माझ्यापुढं ठेवला, परत तसेच नीट लावलेले. मग हळूच म्हणाली, "मॅडम, माझ्यामुळं तुमाला लई बोलले ते."

"तुझ्यामुळं?" मी ओरडलेच. "अगं, तुझ्यामुळं कसं? नाव मी उडवलं, फोनवर मी झापलं, खोटं मी बोलले. आणि तू आत जाऊन माझी चूक, माझी चूक करत बसलीस? तू दोनदा बघितलंस, स्पॅममध्ये बघितलंस, मला सांगितलंस, तुझं काय चुकलं होतं? भांडायचं की माझ्याशी! का नाही भांडलीस?"

ऑफिसातले सगळे वळून बघायला लागले. ती एक पाऊल मागं सरकली.

"सॉरी मॅडम," ती म्हणाली.